मिरचीच्या शेठचा अभिप्राय माझ्या पायाखाली होता

बसायच्या आधी मला एकदा हलवून बघा, मित्रांनो. मी नंदुरबारच्या एका दवाखान्यातला जुना लाकडी स्टूल आहे. चार नंबर आणि पाच नंबर खाटेच्या मधे माझी जागा. मी कोणावर विश्वास ठेवत नाही, तुम्हीही माझ्यावर ठेवू नका.

संशय माझ्या लाकडातच आहे. ज्या सागापासून मी झालो, त्याच्या बुंध्याला पाठ घासायला सातपुड्यातलं एक अस्वल रोज यायचं. घासता घासता ते तीनदा मागे वळून बघायचं. तेवढंच माझ्यात उतरलं. खोटं वाटत असेल तर त्या अस्वलाला विचारा.

मला घडवलं फकीरभाई सुतारांनी. तीन पाय त्यांनी मोजून कापले. चौथ्याच्या वेळी चहा आला. "मन्ही नजरच फूटपट्टी शे," असं म्हणून त्यांनी करवत चालवली, आणि मी जन्मभराचा लंगडा झालो.

दवाखान्यात आल्यावर माझ्या लंगडेपणावर कमलीबाई मावशींनी उपाय काढला. वॉर्डात पेशंटकडून एक कागद भरून घेतात, 'आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?' त्यातला एखादा घ्यायचा, चार घड्या घालायच्या आणि माझ्या आखूड पायाखाली सारायचा. त्यामुळे मोठ्या साहेबांनी वाचले नसतील एवढे अभिप्राय मी वाचले आहेत. लोक कशावर खूश होतात ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. डॉक्टर माझ्यावर दोन मिनिटं टेकले, की लोक लिहितात, 'डॉक्टरांनी खूप वेळ दिला.' तेच डॉक्टर दहा मिनिटं उभे राहिले, तर लिहितात, 'घाईत होते.' सुई नवी होती का, हात धुतले का, हे कोणीच लिहीत नाही. चादर मळकी होती हे मात्र सगळे लिहितात.

सगळ्यात जास्त कौतुक नवनीत ब्रदरचं. "काय शेठ, आज एकदम नवरदेव!" असं म्हणत यायचा आणि हसता हसता गोळी तोंडात टाकून जायचा. इतकं गोड बोलणं ऐकून माझे पाय शिवशिवायचे.

मग संध्या सिस्टर नवीन आली. ही प्रत्येक गोळीला, प्रत्येक सुईला विचारायची, "पूर्ण नाव सांगा." मला हिचाही संशय आला. हिला विसरभोळेपणाचा आजार तर नाही?

त्याच आठवड्यात चार नंबरवर एक म्हातारा खोकत आला. बघतो तर माझे फकीरभाई! त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांच्या फाइलवर लाल शाईत एका इंजेक्शनचं नाव लिहून पुढे 'देऊ नये' असं होतं. मागे एकदा तेच टोचलं, तर घसा सुजून श्वास अडकला होता. आता पुन्हा टोचलं तर वाचतील याची खात्री नाही, असं डॉक्टर माझ्यावर बसून बोलले होते.

पाच नंबरवर इंदरमल शेठ होते, मिरचीचे व्यापारी. पाय चिघळला म्हणून त्यांना दुपारी दोनला तेच इंजेक्शन चालू होतं.

"चाचा, पूर्ण नाव सांगा," संध्या म्हणाली.

"काल तं सांगं व्हतं, बेटी! रोज नवं नाव ठेवसू का मी?" फकीरभाई वैतागले.

शेठ हसले. त्यांनी कागद मागवला आणि लिहिलं, 'नवनीत भाऊ उत्तम. नवी सिस्टर सारखं नाव विचारते. कामात लक्ष नाही.' मावशींनी त्याच्या चार घड्या घातल्या. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

जेवणं झाली. चार नंबरच्या डोक्यावर पंखा.

"शेठ, हाऊ पंखा मन्हा खोकला वाढाई ऱ्हायना."

"मंग इकडे ये ना! माले तं गरम व्हई ऱ्हायनं."

झालं. दोघा दोस्तांनी खाटा बदलल्या. एस.टी.त खिडकीची जागा बदलावी, तितक्या सहज! फाइली मात्र खाटांना लटकलेल्याच राहिल्या. शेठ भिंतीकडे तोंड करून घोरू लागले. फकीरभाईंनी तोंडावर गमछा ओढला.

दोन वाजले. संध्या ट्रे घेऊन थेट पाच नंबरला. फाइल पाहिली, सुई भरली, माझ्यावर बसली. मी कुरकुरलो, डुगडुगलो, पण पायाखाली शेठचा कागद होता ना, जास्त हलता येईना!

"बाबा, पूर्ण नाव सांगा."

गमछ्याआडून आवाज आला, "फाइलमा लिखेल शे. वाची ले."

नवनीत असता तर टोचून मोकळा झाला असता. संध्या हलली नाही. "तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी सुई लावणार नाही."

"तू टोच ना बेटी, कटकट नको करू!"

"मग मी इथेच बसते."

ती खरंच बसून राहिली. शेवटी गमछा फर्रकन बाजूला झाला. "फकीर कादर सुतार! आते समाधान व्हयनं?"

संध्यानं फाइल पाहिली. मग तोंड पाहिलं. सुई ट्रेमधे टाकून "चाचा, तुम्ही इथे कसे?" असं ओरडत ती अशी उठली, की माझे चारही पाय वाजले.

आरडाओरड्यानं शेठ जागे झाले. सगळं ऐकल्यावर पंख्याखाली त्यांना घाम फुटला.

"मी पोतामा हात घाल्याबिगर मिरची लेस नही," ते पुटपुटले, "अन् हाई पोर नाव इचारे तं माले राग ये!"

वाकून त्यांनी माझ्या पायाखालचा कागद ओढला. आधीचं काही खोडलं नाही. खाली फक्त लिहिलं, 'विचारू द्या.' आणि कमलीबाईंना म्हणाले, "हाऊ कागद साहेबना टेबलवर ठेव. पुन्हा कोनाबी पायखाल गया तं याद ठेव!"

कागद गेला आणि मी खाडकन कलंडलो. फकीरभाईंनी मला उलटं केलं. तळाशी त्यांच्याच हातची सुताराची खूण दिसली, आणि म्हाताऱ्यानं आखूड पायावर बोट फिरवलं. घरी जायच्या दिवशी त्यांनी सागाची चकती मागवली आणि पायाला ठोकली. तीनदा मोजून, मित्रांनो. अगदी अस्वलासारखं मागे वळून बघत.

तेवढ्यात नवनीत गोळी घेऊन आला. "काय चाचा, आज नवरदेव!"

फकीरभाईंनी तोंडावर पंजा धरला. "आधी नाव इचार."

म्हणून सांगतो, दवाखान्यात खाट बदलू नका. कोणी दहाव्यांदा नाव विचारलं तर दहाव्यांदा सांगा, आणि विचारलंच नाही तर तोंड घट्ट मिटा.

आता मी डुगडुगत नाही. तरी बसायच्या आधी हलवून बघा.