नुसत्या घराचा फोटो

“मावशी, जरा बाजूला व्हा. फोटोत नुसतं घर पाहिजे.”

लंकाबाई हिरमुसल्या. फोटोवाला आलाय म्हटल्यावर त्या तोंड धुऊन, धुवट लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या होत्या. पदर सावरत त्या कडेला झाल्या आणि अजिनाथने मोबाईल वर धरला.

तिसगावात वीस वर्षं त्याचा फोटो स्टुडिओ होता. जो तो मोबाईलवर फोटो काढू लागला तसा तो बंद पडला, आणि पन्नाशीत अजिनाथ नगरला एका कंपनीत सर्वेच्या कामाला लागला. रोज पायी एकेक गल्ली धरायची, प्रत्येक घराचा समोरून एक फोटो काढायचा, ॲपवर चढवायचा, दारावर खडूने नंबर टाकायचा. निम्मं शहर त्याने असं पालथं घातलं होतं. उभा जन्म चेहरे टिपण्यात गेला, आता माणूस मध्ये आला की फोटो बाद होत होता.

“पाडनार तर न्हाई ना रं?” लंकाबाईंनी विचारलं. “समदी म्हनत्यात, नाल्याकडंची घरं जानार.”

अजिनाथला काहीच माहीत नव्हतं. लोकांनी अडवू नये म्हणून कंपनीच्या रोहिणी मॅडमनी एक वाक्य पढवून ठेवलं होतं, तेच तो बोलला.

“उलट नोंद होतेय, मावशी. नोंद झाली की घर पक्कं.”

लंकाबाईंनी त्याला सावलीत बसवून चहा पाजला.

दोन महिन्यांनी घरं पाडायच्या नोटिसा लागल्या. शेजाऱ्यांनी पत्रे, दारं, भांडीकुंडी वेळेत हलवली. लंकाबाई मात्र “माझी नोंद झालीया” म्हणत बसून राहिल्या. जेसीबी आला तेव्हा दोघी बायकांनी त्यांना धरून बाहेर आणलं. टपरीवाल्या सहादेवने हे सांगितलं, तसा अजिनाथ हातातलं काम टाकून तिकडे गेला.

लंकाबाई विटांच्या ढिगातून एक पातेलं ओढून काढत होत्या. पातेलं पार चेपलं होतं.

“तू व्हय,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “शिकल्याला मानूस खोटं कशाला बोलंल, म्हून बसले.”

“मलाच ठाऊक नव्हतं, मावशी.”

“मग ठाऊक न्हाई म्हनायचं.”

अजिनाथ खाली बसला आणि विटा बाजूला करू लागला. अंधार पडेस्तोवर एक पितळी तांब्या आणि अर्धी गोधडी तेवढी हाताला लागली.

सोनईला लंकाबाईंची भाची होती, छबूबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी अजिनाथने लंकाबाईंना तारकपूर स्टँडवर आणलं, सोनईच्या गाडीत चढवलं, गाठोडं सीटखाली सरकवलं.

“तिथं किती दिवस राहणार?”

“तिचा नवरा ठिवंल तवर.”

तो खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिला. रात्रभर जुळवलेलं त्याला काहीतरी बोलायचं होतं. खिडकीची काच मात्र अडकलेली. लंकाबाईंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, हलली नाही. गाडी सुरू झाली. अजिनाथ बाहेरून बोलत राहिला.

लंकाबाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. तरी त्यांनी मान हलवली.