साडेबारा सेंटिमीटर

अक्कांचा शिवणकामातला हात सोन्याचा, पण थापा अशा, की ऐकणाऱ्यानं खुर्ची घट्ट धरून बसावं. त्यांनी शिवलेला कोट घालून म्हणे एक म्हातारा वीस वर्षांनी तरुण दिसायला लागला, आणि बायकोनं त्याला परका समजून घरातच घेतलं नाही!

धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब गेला, तेव्हा अक्कांनी दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशाला आपली टेप लावली. साडेबारा सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला शंभर किलोमीटर.

"साडेबाराशे तर आहे रे! विमानतळ तुझ्याकडेही, माझ्याकडेही. दीड तास. तू शिंकलास, की मी रुमाल घेऊन हजर!"

दहा वर्षं फोनवर हेच. अक्का एकदाही गेल्या नाहीत, पण धाकट्यानं तो दीड तास खरा मानला.

आज भल्या पहाटे भाचीचा फोन आला. "आत्या, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन दुपारी दोनला. डॉक्टर म्हणतात, उद्यावर टाकलं तर धोका आहे. आणि हे अडून बसलेत, अक्का आल्याशिवाय सही करणार नाही म्हणून!"

अक्का होत्या तशा निघाल्या. तिकीट खिडकीवरच्या मुलीनं मान हलवली.

"थेट विमान नाही, आजी. आधी उलट्या दिशेला मोठ्या शहरात जायचं. तिथे पाच तास थांबा. मग दुसरं विमान. संध्याकाळी सहाला पोचाल."

"अगं, टेपनं मोजलंय मी!"

"विमान टेपवरून जात नाही हो."

दुपारी पावणेदोनला अक्का त्या मोठ्या विमानतळावर, थंडगार लोखंडी बाकावर बसल्या होत्या. फोन वाजला. धाकटाच.

"अक्का, कुठे आहेस?"

खरं सांगितलं, तर हा सही करणार नाही.

"उतरले की! टॅक्सीत बसतेय. टॅक्सीवाला इतका जाडा, की गाडी एका चाकावर चाललीय. तू सही कर आणि आत जा. बाहेर आलास की मी दारातच!"

"बरं. बाहेर हवा कशी आहे गं?"

"लख्ख ऊन. डोळे दिपतायत."

 धाकटा हळूच म्हणाला, "इथे सकाळपासून हातभर अंतरावरचं दिसत नाही इतकं धुकं आहे. एकही विमान उतरलेलं नाही."

अक्कांचा हात पर्समधल्या टेपवर गेला.

"सही केली मी," तो म्हणाला. "लहानपणी इंजेक्शनच्या वेळी तू अशीच थापा मारायचीस. हात मात्र सोडायची नाहीस."

"अरे, ऐक..."

"थाप नको. ये फक्त."

फोन बंद झाला. घड्याळात दोनला दहा कमी. अक्कांनी मान वर केली. समोरच्या बोर्डावर त्यांच्या विमानापुढची वेळ पुसली गेली आणि तिथे 'उशीर' एवढंच आलं. किती, ते नव्हतं.

शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठे निघालात, आजी?"

पर्समधली टेप मुठीत आवळत अक्का म्हणाल्या, "भावाकडे. फार लांब आहे हो."