मी ‘माइंड’, एकही अर्थ सोडणार नाही

मित्रांनो, मला तुम्ही पाहिलेले नाही, कारण मी वस्तू नव्हे, शब्द आहे. इंग्रजीतले एक म्हातारे क्रियापद. ‘माइंड’ माझे नाव. “माइंड करू नकोस हं” असे तुम्हीही म्हणता, तोच मी. पण ती माझी एकच बाजू झाली.

माझा जन्म आठवणीच्या पोटी झाला. पुढे लोकांनी मला नाना कामांना जुंपले. लेकराकडे लक्ष ठेवायला मी, पायरी जपून उतर म्हणून बजावायला मी, आणि राग मानायला, हरकत घ्यायलाही मीच. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी मात्र माझे मूळचे काम मोडू दिले नाही. तिथे एखाद्याला माइंड करणे म्हणजे आजही त्याची आठवण असणे. त्यापायी शाळेत मुलांच्या तळहातावर चामड्याचे पट्टे बसले, मला गावंढळ ठरवले गेले. मी जागचा हललो नाही.

त्याच किनाऱ्यावरच्या एका वृद्धाश्रमात जेसी राहत असे. वय शहाऐंशी. तिचा धाकटा भाऊ डॉड चर्चमध्ये स्तोत्रे सांगायचा. तो एक ओळ गाई, मग सारा समुदाय ती उचलून धरी. दर रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की तो जेसीकडे येई आणि तेच स्तोत्र हलक्या आवाजात पुन्हा म्हणे. नावे विसरणारी जेसी चाल मात्र विसरत नसे.

मग तिथे दक्षिण इंग्लंडातून पेनरोजबाई व्यवस्थापक म्हणून आल्या. मनाने चांगल्या, नियमाला पक्क्या. पाहुण्याला आत घेण्याआधी, तो आलेला चालेल का, असे त्या तिथे राहणाऱ्याला विचारत.

“डॉड येतात, त्यांना तुम्ही माइंड करता का?”

“करते तर,” जेसी म्हणाली. “चांगलीच माइंड करते.”

बाईंनी वहीत लिहिले: भाऊ आलेला यांना खपत नाही.

त्या रविवारी डॉड दारातून परत गेला. पुढच्या रविवारीही. जेसीने खिडकीकडची खुर्ची सोडली नाही आणि सूपला तोंड लावले नाही. तिसऱ्या रविवारी स्वयंपाकीण नेटीने त्याला पायरीवर पाहिले.

“काय रे डॉड, आत काय वाघ बांधलाय?”

“जेसीला मी नकोय म्हणे.”

नेटी पिठाच्या हातांनीच बाईंसमोर उभी राहिली. “हे कुणी सांगितलं?”

“त्या स्वतःच म्हणाल्या. चांगलीच माइंड करते म्हणाल्या.”

“अहो बाई, तो मला चांगला आठवतो, असं म्हणाली ती. आणि तुम्ही म्हाताऱ्याला वाऱ्यात उभं केलंत.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः डॉडला आत नेले. पण संध्याकाळी फर्मान काढले, “हा शब्दच नको या घरात. एका शब्दाला एकच अर्थ असावा.”

का म्हणून, मित्रांनो? विचारणाऱ्याने पुन्हा एकदा विचारले नाही, यात माझा काय गुन्हा? मी त्या घरातून गेलो नाही. कोळ्यांच्या जिभेवरून मला कोण उतरवणार?

हिवाळ्यात जेसीची आठवण फार ओसरली. एका रविवारी ती डॉडकडे बराच वेळ बघत राहिली. मग सभ्यपणे म्हणाली, “मी तुम्हाला माइंड करत नाही.”

पेनरोजबाईंच्या हातातला ट्रे थबकला. आता त्यांना अर्थ कळत होता: तुम्ही मला आठवत नाही. डॉडलाही कळला. त्याने टोपी काढली, थोडा वेळ हातात फिरवली.

“नाही ना करत?” तो म्हणाला. “मग मी बसतो.”

आणि खुर्ची ओढून तो तिच्या शेजारी बसला.

मित्रांनो, शब्दांना जपा. कुणाचे बोलणे कानाला वेगळे लागले, तर त्याला हाकलण्याआधी पुन्हा एकदा विचारा. माझ्या एका अर्थाने त्या दिवशी डॉडला परके केले, तेव्हा दुसऱ्याने त्याला बसायला जागा दिली. तरीही मला छाटायला कुणी निघालेच, तर त्याने आधी डॉडला त्या खुर्चीवरून उठवून दाखवावे.