चौथ्या ओळीतले चौकोन

फ्लॉईडने पहिली खोटी खूण केली ती सहाव्याच दिवशी. राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, एवढ्या तोऱ्यात केलेला संकल्प सोमवारपर्यंतही टिकला नाही.

त्या उपवासकाळात चर्चच्या पॅरिशमधल्या पुरुषांच्या गटाने एक कार्ड काढलं होतं. चाळीस दिवस, चार चांगल्या सवयी, रोजचे चार चौकोन. गट चालवणारे प्लासिड सर निवृत्त शिक्षक. कार्ड वाटताना त्यांनी एकच बजावलं होतं, "चौकोन रिकामा राहिला तर राहू दे. खोटा भरू नका." ज्याचं कार्ड पूर्ण भरेल तो चाळिसाव्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, भर चर्चमध्ये बोलणार होता. फ्लॉईडचं भाषण पहिल्याच दिवशी तयार झालं. माणूस तसा वाईट नव्हता, आळशी होता, आणि आळशी माणसाला यशाची भारी घाई.

कार्डावरच्या तीन ओळी त्याच्या होत्या: पहाटे धावणं, दहा पानं वाचणं, होळी गावात एकट्या राहणाऱ्या आईला भेटणं. चौथी ओळ त्याच्या दहा वर्षांच्या लेकीने, प्रिन्सीने, लिहिली होती: 'माझ्याबरोबर एक तास, मोबाइल नको.' पहिले चार दिवस तो तास झाला. मग ऑफिसची कामं निघाली. प्रिन्सी रोज संध्याकाळी सोफ्यावर त्याच्याजवळ येऊन बसायची, तो मान वर न करता "पाच मिनिटं, बाळा" म्हणायचा, आणि थोड्या वेळाने ती उठून जायची.

तर त्या सोमवारी आठ वाजता उठून त्याने धावण्याचा चौकोन भरला. ऑफिसला निघाला तर गेटपाशी खालच्या मजल्यावरचा रॉकी भेटला.

"काय रे, सकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर किती हाका मारल्या तुला! थांबलास पण नाहीस. काय धावत होतास, बापरे!"

फ्लॉईड हसला. रॉकीची नजर कमजोर झाली असणार. संध्याकाळी त्याने सहज बूट पाहिले. ते ओले होते आणि आत समुद्राची वाळू होती.

गुरुवारी त्याने आईच्या भेटीचा चौकोन भरला आणि ऑफिसात जाऊन बसला. अकरा वाजता आईचा फोन आला.

"जेवून तरी जायचं होतंस रे. अख्ख्या वाडीला पाणी घातलंस आणि एक शब्द बोलला नाहीस. हात किती गार पडलेत तुझे. बरं आहे ना तुला?"

फ्लॉईडच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने दुसऱ्या दिवशी मुद्दाम तो चौकोन रिकामा ठेवला आणि आईला फोन केला. कोणीही आलं नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी खूण केली, आणि केळीला आळी करून झाली होती.

शहाण्या माणसाने कार्ड फाडून विहिरीत टाकलं असतं. फ्लॉईडने नवीन पेन घेतलं. आता तो आठपर्यंत झोपायचा आणि लोक म्हणायचे, फ्लॉईड किती बदलला! न वाचलेल्या पुस्तकात खुणेची पट्टी रोज दहा पानं पुढे सरकायची. भीती वाटायची, नाही असं नाही, पण कौतुक त्याहून गोड लागत होतं. फक्त चौथ्या ओळीला तो हात लावत नव्हता. आपल्या लेकीजवळ ते गार हात नकोत, एवढं त्याला कळत होतं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनला, त्याने ऑफिसात कार्ड समोर ठेवलं. चौथ्या ओळीत आजपर्यंतचे पस्तीस चौकोन रिकामे. बाकी सगळं, आईच्या भेटीचा तो मुद्दाम सोडलेला चौकोनसुद्धा, मागाहून भरलेलं. उद्या बोलायला दुसरं कोणीतरी उभं राहणार. त्याने घाईघाईने पस्तीस खुणा केल्या.

सव्वातीनला त्याच्या बायकोचा, जीनाचा, मेसेज आला. 'आज लवकर आलास ते बरं झालं. प्रिन्सी खूश आहे. मी क्वायरच्या प्रॅक्टिसला निघाले.'

त्याने स्कूटर कशी हाकली त्याचं त्यालाच ठाऊक. जिन्याने तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा छाती फुटायला आली होती. दार बंद होतं. आतून त्याचाच आवाज येत होता, निवांत, जरासुद्धा घाई नसलेला. झावळीचा क्रॉस कसा विणायचा ते तो आवाज समजावून सांगत होता. फ्लॉईडला स्वतःला ते कधीच जमलं नव्हतं. आणि प्रिन्सी हसत होती. इतकी मनापासून हसताना त्याने तिला कधी ऐकलं होतं, आठवेना.

त्याने किल्ली लावली. आतून कडी होती. मग तो दोन्ही हातांनी दार बडवू लागला.

प्रिन्सीने साखळी न काढता दार किलकिलं केलं. तिच्या केसांत झावळीचे बारीक तुकडे अडकले होते.

"प्रिन्सी, बाहेर ये! लवकर! मी आहे, डॅडी!"

तिने त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या मुठीतल्या मोबाइलकडे पाहिलं. ती त्याला ओळखत होती. त्यात काही शंकाच नव्हती.

"कोण आहे गं?" आतून त्याच्याच आवाजाने विचारलं.

"कोणी नाही, डॅडी," प्रिन्सी म्हणाली, आणि तिने दार हळूच लावून घेतलं.