रेडिओच्या वाटची लाल गोळी

एक लाल गोळी तोंडात विरघळवायची, आणि बदल्यात रेडिओ नावाच्या उमेदवाराला मिळणार होतं ते असं: भट्टीजवळच्या भिंतीवर टॉवेल टांगायला स्वतःची खुंटी, कायम कामगाराचा बिल्ला आणि कंपनीच्या दवाखान्याचं कार्ड. खुंटी, बिल्ला ठीक. त्याचा जीव अडकला होता कार्डात.

"घे की! लाजतोस काय नवरीसारखा?" उस्तादाने डबा त्याच्या नाकाखाली खुळखुळवला.

काचेच्या बाटल्यांचा कारखाना. भट्टीपुढे तोंडाला कोरड पडते म्हणून जुनी माणसं मिरचीच्या या कडक गोळ्या चघळायची. पुढे त्याची रीतच पडली. उमेदवारी संपली की नव्या माणसाने सगळ्यांसमोर गोळी तोंडात धरायची, पाण्याचा घोट न घेता, आणि गप्प न बसता. भट्टीची धग बाहेरून, गोळीची आतून. दोन्ही सोसेल तो आपला. गोळी नेहमी शेवटचा पास झालेला देत असे. तो सुट्टीवर असला तर उस्ताद. कंपनीच्या कागदात यातलं काही नव्हतं. पण भट्टीवाल्यांनी मान हलवल्याशिवाय मुकादम कुणाचं नाव वर पाठवत नसे, हेही तितकंच खरं.

आणि रेडिओच्या जिभेला जखम होती. तुटकी दाढ कडेला घासत राहिली, जखम पडली, ती काही केल्या भरेना. डॉक्टरकडे जायचं तर दिवस मोडणार, आणि उमेदवारीत एक खाडा पडला की उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून. कार्ड हाती आलं की दवाखाना, भरपगारी रजा, सगळं. म्हणजे जीभ बरी करायची तर आधी तिच्यावर मिरची ठेवायची. असला सौदा दुसऱ्या कुणी केला असता तर रेडिओने त्याची आठवडाभर टिंगल केली असती. बडबडीशिवाय त्याला अन्न पचत नसे. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

सकाळीच बायकोने विषय काढला होता. "अहो, सांगून टाका ना सरळ. माणसंच आहेत ती."

"सांगितलं की मुकादम म्हणणार, आधी बरा हो, मग ये. ये रे माझ्या मागल्या!"

"आणि ते बरं नाही झालं तर?"

त्याने दुधात कुस्करलेला पाव पुढे ओढला. घरात कितीतरी दिवस तिखट शिजलं नव्हतं. लेक ताट बघून तोंड वाकडं करायची, आणि आई तिला नुसत्या डोळ्यांनी गप्प करायची.

आता भट्टीपुढे रेडिओने गोळी उचलली, लाल कागदाचा पीळ सोडला आणि ती उजव्या, धडक्या गालात सरकवली.

"ए शहाण्या, दडवायची नाही!" मुकादम ओरडला. "जिभेवर आण. बातम्या लाव!"

गोळी जिभेवर आली. डोळ्यांपुढे भट्टीचं दार पांढरं झालं.

"नमश्कार," रेडिओ म्हणाला. "आजच्या ठळक बातम्या. मुकादमशाहेबांची श्कूटर... आजही ढकलश्टार्ट. शाहेबांच्या पोटाचा... विश्तार चालू."

हशा उसळला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तर आणखी हशा. रडायला मुभा होती, थुंकायला नव्हती. ओठांच्या कडेने लाल लाळ हनुवटीवर उतरली. त्या गोळीने सगळ्यांचीच तोंडं लाल व्हायची, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

उस्ताद तेवढा हसता हसता थांबला. जन्मभर त्या गोळ्या चघळलेला माणूस. त्यांचा रंग त्याला ठाऊक होता.

"पुरे रे," तो म्हणाला.

"पुरे कसं? तुम्हीच म्हणता, पुरी संपली पाहिजे," मुकादम म्हणाला.

उस्तादाने तोंड भट्टीकडे फिरवलं. रेडिओने हवामानसुद्धा सांगितलं. मग तोंड उघडून रिकामी जीभ एक क्षणभर दाखवली आणि झटकन मिटलं. टाळ्या पडल्या.

कार्ड हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरने बॅटरी मारून आत पाहिलं. "हे आजचं नाही. इतके महिने काय करत होतात?"

उत्तर बायकोने दिलं. "कायम व्हायची वाट बघत होते."

जीभ अर्ध्याहून जास्त काढावी लागली. रजा भरपगारी मिळाली, त्यात कंपनीने खोट काढली नाही.

रेडिओ कामावर परतला. नाव तेच राहिलं. बदलायची छाती कुणाला झाली नाही. हाक आली की तो हात वर करायचा.

मग पिकल्या मिशांचा एक नवा माणूस आला. त्याची उमेदवारी संपत आली, तेव्हा उस्तादाने डबा रेडिओकडे सरकवला. बघत मात्र होता भट्टीकडे. रेडिओने डबा घरी नेला.

ठरल्या दिवशी सगळे जमले. नव्या माणसाने देवाचं नाव घेऊन गोळी तोंडात टाकली आणि सोसायला डोळे मिटले. मग उघडले. तो गोंधळून रेडिओकडे बघायला लागला.

रेडिओने आपले डोळे गच्च मिटून, चेहरा आवळून त्याला दाखवला.

माणूस हुशार निघाला. "अरे बाप रे! मेलो! आग आग!" त्याने अशी नाचानाच केली की मुकादम पोट धरून खाली बसला.

उस्तादाने सवयीने डब्यातली एक गोळी तोंडात टाकली होती. तोच लाल कागद, तसाच पीळ; आत नुसती साखर. त्याने चघळणं थांबवलं, डब्याचं झाकण लावलं, आणि टॉवेल तोंडावरून फिरवत राहिला.

हशा सगळ्यांच्या वाट्याला आला, खुंटी नव्याच्या. त्याच्या गोळीची किंमत आधीच्याने भरून ठेवली होती.