अकरा महिन्यांत माती

माती संशोधन केंद्राच्या संचालकांना निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि नावावर सांगण्यासारखं एकही संशोधन नव्हतं. म्हणून त्यांनी खडकाची चिकणमाती करून दाखवायचं ठरवलं. एरवी हे काम पावसाचं पाणी करतं. हवेतला वायू विरघळून ते किंचित आंबट होतं, खडकातल्या खनिजांमधून क्षार काढून नेतं आणि मागे जे उरतं त्याची नवी, बारीक खनिजं बनतात. तीच चिकणमाती. याला हजारो वर्षं लागतात, असं प्रयोगशाळेतल्या ताईंनी सांगून पाहिलं.

"कोणी पाठपुरावा केला नाही म्हणून लागली," सर म्हणाले.

ताईंनी काचेच्या सहा नळ्यांत ग्रॅनाइटचा चुरा भरला आणि वरून आंबट पाणी थेंबथेंब सोडलं. आत अत्यवस्थ नातेवाईक असावा तसे सर रोज सकाळी नळ्यांपाशी येऊन हळू आवाजात विचारायचे, "काही फरक?"

पाचव्या महिन्यात शुद्ध पाण्याचं यंत्र बिघडलं. सरांनी गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरायला सांगितलं.

"टाकीच्या तळाशी गाळ आहे, सर."

"मग पाऊस काय गाळून पडतो?"

"हो सर. गाळूनच पडतो."

सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ताईंनी वहीत तारीख घातली, 'टाकीचं पाणी' असं लिहिलं आणि कोणाला न विचारता सातवी नळी मांडली. तिच्यात खडक नव्हता, नुसते काचेचे मणी होते. पाणी तेच.

महिन्याभरात चुऱ्यावर करडी साय धरली. क्ष-किरण यंत्रानेही निर्वाळा दिला की ही चिकणमातीच. सरांनी वरच्या कार्यालयात फोन केला, मग घरी केला. निरोप समारंभाच्या पत्रिकेत 'दगडाला पाझर फोडणारे संचालक' असं छापलं गेलं.

ताई सातवी नळी घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या. "सर, हिच्यात खडकच नाही, काच आहे. तरी तीच माती निघाली."

सरांनी नळी हातात घेतली आणि उजेडात फिरवून पाहिली. ताईंना वाटलं, उमगलं.

"म्हणजे काचेचीही माती होते?" सर म्हणाले.

"नाही सर, माती पाण्यातून—"

"हे आधी नाही का सांगायचं?" त्यांनी भाषणाचा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

निवृत्तीच्या आठवडाभर आधी समारंभ झाला, त्याला मृदाशास्त्राच्या एक निवृत्त बाई पाहुण्या होत्या. सभागृहातले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेले. काचेचा शोध जाहीर झाल्यावर त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "मग खिडक्या दर महिन्याला बदलता का?"

सभागृह हसलं. सरही मनमोकळं हसले. घरी जाताना गाडीत बायकोने समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

तिसऱ्या दिवशी ताईंच्या टेबलावर सरांच्या सहीचा कागद आला. टाकी वेळेवर साफ का करून घेतली नाही, याचा खुलासा मागितला होता. ताईंनी खुलासा लिहिला, सोबत वहीतल्या त्या पानाची प्रत जोडली आणि कागद पाठवून दिला.

मग पहिल्या नळीतला चुरा धुऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. फेल्डस्पार या खनिजाच्या कडा अजून सुरीसारख्या धारदार होत्या. फक्त काळ्या अभ्रकाच्या एका पापुद्र्याची कड किंचित तपकिरी पडली होती; पाण्याने खडकावर खरंच केलेलं काम तेवढंच. ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि डब्याची वेळ टळून गेली तरी त्या ती कड बघत राहिल्या.