एकतीस टक्के

उपेंद्रकाकांनी अहवालाचं पहिलं पान सुरुचीपुढे सरकवलं. शीर्षकाखाली काळ्या चौकटीत दोन ओळी होत्या : या सर्वेक्षणाचं काम पाहणारे आमचे ज्येष्ठ सहकारी कै. उल्हास तेरेदेसाई यांच्या स्मृतीस.

"कशी वाटली कल्पना?"

बाबांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते. सुरुचीने चौकट दोनदा वाचली. मग पान उलटून तिने तो आकडा पाहिला. एकतीस टक्के मुसलमानांचं धर्मासाठीच्या हिंसेला समर्थन.

"बाबांचं नाव काढा, काका."

"अगं, मी इतक्या प्रेमाने..."

"ठाऊक आहे मला. तरीही काढा."

उपेंद्रकाकांच्या दुबईतल्या या ऑफिसातून तीन देशांत फोन लावून मतं विचारली जात. फोन करणाऱ्यांवर बाबा देखरेख करत आणि आलेल्या उत्तरांचे तक्ते सुरुची करी. प्रश्न लंडनच्या क्लायंटने पाठवला होता : धर्माच्या रक्षणासाठी हिंसा योग्य ठरू शकते का? उत्तरं चार. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. अहवालात शेवटची तिन्ही एकत्र करून त्यांना 'समर्थन' म्हटलं होतं. 'नेहमी' म्हणणारे शंभरात दोनसुद्धा नव्हते.

"फोन करणाऱ्या अफशालाच लोक उलट विचारत होते," सुरुची म्हणाली. "हिंसा म्हणजे कोणती? घरावर जमाव आला तर अडवायचं ती, की बाजारात बॉम्ब ठेवायचा ती? बाबांनी तसं तुम्हाला तीनदा लिहून कळवलं. आणि हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याच धर्माच्या माणसाला विचारला नाही."

"क्लायंटने मागितलंच नाही, तर आपण कशाला विचारायचं?"

"बाबांनी विचारलं."

तिने पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढला. गेल्या गणपतीत, दुबईतल्या करामा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर आरतीला आलेल्या प्रत्येकाला बाबांनी प्रसादाआधी एक कागद दिला होता. नाव लिहायचं नव्हतं. प्रश्न तोच होता, उत्तरंही तीच चार. 'उल्हासराव, आधी परीक्षा आणि मग मोदक?' म्हणून लोक हसले होते. बासष्ट कागद जमले. बावीस जणांनी 'कधीच नाही' सोडून दुसऱ्या कशावर तरी खूण केली होती.

"म्हणजे पस्तीस टक्के," सुरुची म्हणाली. "तुमच्या आकड्याहून चार जास्त."

काका हसले. "हे काय सॅम्पल आहे? सगळी आपली ओळखीची माणसं."

"बाबांनीही वरच्या कागदावर तेच लिहिलंय : 'यावरून हिंदूंबद्दल काही ठरवलं तर लोक मला वेड्यात काढतील, आणि बरोबरच करतील. पण तिकडचा आकडा कोणी तपासणार नाही, कारण तो सगळ्यांना आधीच खरा वाटतो.'"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "सुरुची, पाच वाजता हे जायचंय. तक्त्यांवर तुझी सही लागेल. आणि आईच्या व्हिसाचं पत्र माझ्याच टेबलावर आहे. मी धमकी देत नाहीये हं. फक्त आठवण करून देतोय."

बाबांच्या व्हिसावर असलेली आई आता सुरुचीच्या व्हिसावर येणार होती, आणि त्यासाठी ऑफिसचं पत्र लागणार होतं. सुरुचीची नोकरी गेली की आईला भारतात परत जावं लागणार. तिने तिथूनच आईला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि सगळं सांगितलं. काहीही मऊ करून सांगितलं नाही.

आईच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"भावजी, आहात का तिथे?"

"आहे, वहिनी. तुम्हीच समजवा हिला."

"त्या बावीस जणांत मीपण आहे. 'क्वचित'वर खूण केली मी. कोणी माझ्या पोरीच्या अंगावर आलं तर लाटणं घालीन, असं मनात आलं होतं माझ्या. मग मी काय, अतिरेकी?"

"वहिनी, तसं कोण म्हणतंय..."

"तुम्हीच म्हणताय की! छापताय ना! मग माझाही फोटो टाका कव्हरवर. पैठणीतला टाका, चांगला आलाय."

सुरुचीला हसू आलं. सव्वीस दिवसांत पहिल्यांदाच. आणि लगेच डोळे भरून आले, म्हणून तिने मान खाली घातली.

"आई, तुला परत जावं लागेल कदाचित."

"जाईन. ह्यांचं नाव असल्या कागदावर राहिलं तर इथे राहून करू काय मी? चल, भात लागेल माझा."

फोन बंद झाला. काकांनी डोळे चोळले. "तू सही केली नाहीस तर मी दुसऱ्याची घेईन. खलास. त्याने काय फरक पडणार?"

"दुसरा कोणी करील, तर तो त्याचा प्रश्न."

ती आपल्या जागेवर गेली. काका मागोमाग आले. क्लायंटला पाठवायच्या मेलमध्ये तिने लिहिलं : हे तक्ते मी केले आहेत. यांतून 'समर्थन' सिद्ध होत नाही. पर्यवेक्षकाचे तिन्ही आक्षेप सोबत जोडत आहे. बासष्ट फॉर्मही जोडले आहेत. ते काहीच सिद्ध करत नाहीत, आणि म्हणूनच पाहावेत. खाली तिने आपलं पूर्ण नाव घातलं.

"सुरुची, ते पाठवू नकोस. मी सांगतोय."

तिने पाठवलं. मग खुर्ची फिरवून ती त्यांच्यासमोर बसली.

"पत्राचं काय ते तुम्ही ठरवा, काका," ती म्हणाली. "माझं ठरलंय."